फुंकू नका, आत ओढा

बुटाची लेस बांधायला माणसाला असा किती वेळ लागतो? पण तो माणूस दवाखान्याच्या जिन्यात, अगदी वळणावर, अख्खी पायरी अडवून बसला होता आणि मघापासून बुटाशी झटापट करत होता. बरं, त्या बुटाला लेसच नव्हती. चिकटपट्टीचे बूट होते ते.

तिला आधीच उशीर झाला होता. सकाळी ऐन घाईच्या वेळी आईने लग्नाचा विषय काढला, दोघींची जुंपली, आणि त्या नादात डबा ओट्यावरच राहिला. त्यात आता हा जिन्यातला धोंडा. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि वाट द्या म्हणाली. त्याने वर पाहिलं. हसला. हसताना खांदे वर-खाली होत होते, आणि ते हसण्यामुळे होत नव्हते.

"लेस सुटली होती… जरा," तो म्हणाला.

तिने बुटाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लेस नाही सुटली, दम सुटलाय. बसा आणखी पाच मिनिटं आणि मग वर या. घाई करू नका, तुमच्यासारखे सगळे शेवटी माझ्याच खोलीत येतात."

आणि ती त्याला वळसा घालून तरातरा वर निघून गेली.

तिचं काम काय, ते आधी सांगितलेलं बरं, कारण तिच्या आईलासुद्धा ते नीट सांगता येत नसे. छातीच्या त्या दवाखान्यात डॉक्टर औषध लिहून द्यायचे, आणि ते औषध श्वासातून आत कसं ओढायचं हे ती लोकांना शिकवायची. बस, एवढंच. ऐकायला सोपं. पण लोक काय काय करतात ते तिला विचारावं. एका आजोबांनी ओढायच्या कॅप्सूल महिनाभर पाण्याबरोबर गिळल्या होत्या आणि वर औषधाला गुण नाही म्हणून भांडायला आले होते. एका काकूंनी पंप अत्तरासारखा गळ्याभोवती फवारला होता. एका बँकेतल्या साहेबांनी तर झाकण न काढताच अख्खी थंडी घालवली. आणि शिकवताना हे सगळेच्या सगळे मान हलवायचे. कळलं ना? हो. जमेल ना? हो हो. मान हलवणाऱ्या माणसांचा तिला भयंकर राग होता. दवाखान्यात तिला मास्तरीण म्हणत, आणि ती चिडते हे माहीत असूनही म्हणत.

तर अशा या मास्तरणीच्या खोलीत तो जिन्यातला माणूस तासाभराने आला. उन्हात रापलेला, उंच, पोटऱ्या दगडासारख्या. दमा लहानपणापासूनचा, पण कुणाला सांगितलेला नाही. डॉक्टरांनी पावडरचं औषध दिलं होतं: छोट्या यंत्रात कॅप्सूल ठेवायची, यंत्र दाबून ती फोडायची, यंत्राचं तोंड ओठांत घट्ट धरायचं आणि एका दमात जोरात आत ओढायचं. तिने दाखवलं. त्याने मान हलवली. तिच्या कपाळावर आठी आली.

त्याने यंत्र ओठांत धरलं, छाती भरून घेतली आणि… फुर्र.

पांढऱ्या पावडरचा ढग उडाला तो थेट तिच्या चष्म्यावर.

तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आत ओढायचं, बाहेर नाही, असं तिने शांतपणे सांगितलं. शांतपणे म्हणजे दात आवळून. तो ओशाळला, माफी मागितली, दुसरी कॅप्सूल घातली. ओठ लावले. आणि पुन्हा फुर्र. यावेळी पावडर तिच्या टेबलावरच्या चहात पडली.

तिसऱ्या वेळी ती खुर्ची मागे सरकवून भिंतीला टेकून बसली. तेव्हाही फुर्रच.

"तुम्ही काय काम करता हो?" तिने विचारलं.

तो जरा घुटमळला. मग त्याने खिशातून काळ्या दोरीची शिट्टी काढून टेबलावर ठेवली. तो फुटबॉलचा रेफरी होता. शाळेत असल्यापासून लुटुपुटुच्या सामन्यांतही रेफरीच व्हायचा, कारण धावून धावून धाप लागायची आणि रेफरीला मध्येच उभं राहिलेलं चालतं असं त्याला वाटायचं. चालत नाही, हे नंतर कळलं. पण तोवर शिट्टी ओठाला लागली ती लागलीच. आता प्लॅस्टिकचं काहीही ओठांत आलं की आपोआप फुंकर जाते, त्याला तो तरी काय करणार, असं त्याने अगदी चेहरा पाडून सांगितलं.

इतक्या वर्षांत असा पेशंट तिने पाहिला नव्हता. तिने कपाळावर हात मारून घेतला. तो गेल्यावर मात्र दार लावून ती बराच वेळ हसत बसली, आणि मग हसू आलं म्हणून स्वतःवरच चिडली.

मामला साधा नव्हता. मागच्या हंगामात एका सामन्यात त्याला धाप लागून उभं राहावं लागलं होतं आणि ते फुटबॉल संघटनेच्या लोकांनी पाहिलं होतं. आता हंगाम सुरू व्हायच्या आत डॉक्टरांचा दाखला आणायचा, नाहीतर शिट्टी खाली ठेवायची, असं त्याला सांगितलं होतं. एकदा बाहेर बसवलेल्या रेफरीला संघटना परत बोलावत नसे. डॉक्टर म्हणत होते, औषध नीट छातीत गेलं तर फुंकण्याच्या तपासणीचा आकडा सुधारेल, मग दाखला देतो. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते या फुर्रवर. दर गुरुवारी यायचं असं ठरलं.

आणि तिचे गुरुवार सुरू झाले.

तिने काय काय नाही केलं. आरसा समोर ठेवला. डोळे मिटायला लावले. आत ओढताना मनात काय म्हणायचं तेही शिकवलं. शेवटी कपाटातून सरावाची एक शिट्टी शोधून काढली. ती फुंकून वाजत नसे, आत ओढली तरच वाजे. ती पाहून तो असा हरखला की विचारू नका. आयुष्यभर शिट्टीने लोकांना थांबवलं, आता शिट्टी आपल्याला शिकवणार, म्हणाला. पहिल्या काही वेळा नुसताच वारा. मग एकदा ती बारीक आवाजात वाजली, आणि त्याने गोल झाल्यासारखा हात वर केला.

पण खऱ्या औषधाचं यंत्र हातात आलं की पुन्हा फुर्र.

ती चिडायची. तो खिशातून पिवळं कार्ड काढून तिला दाखवायचा.

"हे काय?"

"ताकीद. रेफरीवर आवाज चढवलात."

"लाल दाखवा. म्हणजे मी तरी घरी जाईन."

"लाल दाखवलं तर पुढचा सामनाही खेळता येत नाही… म्हणजे पुढचा गुरुवारही गेला. मग माझं कसं व्हायचं?"

असं काहीतरी तो बोलायचा आणि लगेच यंत्राकडे बघत बसायचा, जणू ते वाक्य यंत्रानेच म्हटलं. ती रागाने कॅप्सूलचं पाकीट फोडायची. पाकीट फोडताना तिची बोटं हल्ली चुकायची, आणि याचाही तिला राग यायचा.

दवाखान्यातल्या सिस्टर वयाने मोठ्या आणि डोळ्यांनी घारीच्या. त्यांच्या नजरेतून काय सुटणार? एका गुरुवारी औषधाची कपाटं लावता लावता त्यांनी विषय काढलाच. धडधाकट माणूस, म्हणाल्या, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा पाय रेषेबाहेर गेला ते याला दिसतं, आणि एवढ्याशा यंत्रातून आत ओढायचं कळत नाही? "अगं, त्याला सगळं येतं. तो का येतो ते तुलाच तेवढं कळत नाहीये, मास्तरीणबाई."

तिने सिस्टरांना उडवून लावलं. असले फालतू विचार करायला वेळ कुणाला आहे, असंही म्हणाली. पण पुढच्या गुरुवारी तिने निळा कुडता घातला. इस्त्री करून. आईने नुसतं पाहिलं आणि एक शब्द न बोलता डबा हातात दिला. आई बोलली नाही, म्हणजे आईलाही कळलं होतं. तिला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

त्या दिवशी बाहेरच्या बाकावर माणसं दाटीवाटीने बसली होती. कुणी खोकत होतं, कुणाची छाती बाहेरूनही ऐकू येत होती. तो आत आला, कुडत्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणणार होता, म्हटलं नाही. सरावाची शिट्टी त्याने पहिल्या फटक्यात वाजवली. अगदी स्वच्छ. तिला वाटलं, आज जमलं. तिने स्वतःच्या हाताने कॅप्सूल भरून यंत्र पुढे केलं.

फुर्र.

निळ्या कुडत्यावर पांढरी रांगोळी उठली. आणि तो, काय बुद्धी सुचली कोण जाणे, हसला. म्हणाला, "आता पुढच्या गुरुवारी यावंच लागणार."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे सिस्टर म्हणत होत्या तेच खरं. इतके दिवस आपण घसा कोरडा करतोय आणि हा गृहस्थ मजा बघतोय. आणि आपण? आपण कुडत्याला इस्त्री करतोय. हे शेवटचं तर तिला सहनच होईना.

"पुरे झालं नाटक," ती म्हणाली. आवाज बाहेर जात होता, जाऊ दे. "बाहेर बसलेत त्यांना खरोखर श्वास मिळत नाही, आणि तुम्ही इथे खेळ मांडलाय. तुम्हाला सगळं येतं. खोटारडे आहात तुम्ही. पुन्हा येऊ नका."

त्याचं हसू गेलं. त्याने टेबलावरचं यंत्र रुमालात गुंडाळून खिशात ठेवलं आणि "बरं" एवढंच म्हणून तो गेला. बाकावरच्या सगळ्या माना त्याच्यामागे वळल्या.

संध्याकाळी डॉक्टरांनी येता-जाता विचारलं, त्या रेफरीला औषध घेता येतं का नीट? ती अजून धुमसतच होती. येतं की, म्हणाली. छान येतं.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. न येईना का, तिने पुन्हा येऊ नका म्हणूनच सांगितलं होतं. तरी दार वाजलं की तिची मान वळे, आणि दारात कुणी दुसरंच दिसलं की ती त्या बिचाऱ्या पेशंटवर खेकसे. दुपारी डॉक्टर आत आले ते मान हलवतच. रेफरीची तपासणी सकाळीच झाली होती, तिच्या खोलीकडे न फिरकता तो परस्पर गेला होता. आकडा पहिल्यापेक्षाही खाली आला होता. औषध इतकं व्यवस्थित घेऊनही छाती उघडत नसेल तर मैदानाचं नाव काढायला नको, असं डॉक्टरांनी त्याला सांगून टाकलं होतं. दाखला मिळणार नाही. त्याने फक्त पाणी मागितलं म्हणे.

डॉक्टर गेले आणि ती तशीच उभी राहिली. मग खुर्चीत बसली. त्याला येत असतं, तो नुसतं तिच्यासमोर नाटक करत असता, तर घरी तरी औषध नीट घेतलं असतं. मग छाती सुधारली असती. ती सुधारली नव्हती. याचा अर्थ घरीही रोज फुर्रच. त्याला खरंच येत नव्हतं. आणि तिने त्याला भरल्या दवाखान्यात खोटारडा म्हटलं होतं, वर डॉक्टरांना छान येतं म्हणून सांगितलं होतं. सिस्टरांच्या एका चेष्टेपायी आणि आपल्या एका कुडत्यापायी त्या माणसाची शिट्टी गेली.

ती उठली, सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. कुडता सोडून. डॉक्टर चांगलेच तडकले. बोलणी खाताना तिने मान खाली घातली होती. शेवटी डॉक्टर म्हणाले, हंगामाला अजून वेळ आहे, त्याला औषध नीट द्यायची काही तरी युक्ती काढ, मग पुन्हा तपासू.

युक्ती समोरच्या कपाटात होती, आणि इतके दिवस ती सुचली नाही म्हणून तिने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या. भानगड ओठांची होती ना? मग ओठ मध्ये आणायचेच कशाला. अगदी लहान पोरांना ओठांत काही धरता येत नाही, त्यांच्यासाठी एक नळकांडं असतं. एका टोकाला फवाऱ्याचा पंप बसवायचा, दुसऱ्या टोकाला रबरी मास्क, तो नाका-तोंडावर धरायचा. पंप दाबायचा आणि नेहमीसारखा श्वास घेत राहायचा. आत बारकी झडप असते, ती श्वासागणिक टक टक हलते. ना ओढायचं, ना फुंकायचं. कपाटात एकच शिल्लक होतं. त्याच्यावर पिवळं बदक होतं.

तो फोन उचलत नव्हता. मग ती मैदानावरच गेली. सरावाचा सामना चालू होता आणि तो कडेला छत्रीखाली टेबल टाकून बसला होता, गळ्यात शिट्टीऐवजी वेळ मोजायचं घड्याळ. तिला पाहून तो उठला नाही. बसाही म्हणाला नाही. तिने उभ्याउभ्याच सांगितलं, की चूक तिची होती, डॉक्टरांना खरं काय ते सांगितलंय, पुन्हा तपासणी होईल. नळकांडं टेबलावर ठेवलं. त्याने बदकाकडे पाहिलं, मग मैदानाकडे पाहत राहिला.

"दर सामन्याला हजारभर माणसं मला चोर म्हणतात, खोटारडा म्हणतात," तो म्हणाला. "घरी जाऊन जेवतो आणि झोपतो. कधी काही वाटलं नाही. तुमच्याकडून ऐकल्यावर मात्र… जेवण गेलं नाही हो."

"चुकलं माझं," ती म्हणाली. "अगदी साफ चुकलं. मला फार लागलंय ते."

चेंडू रेषेबाहेर गेला, परत आला.

"येत नव्हतं, हे खरं," तो मग हळूच म्हणाला. "पण येत नाही याचं वाईट वाटायचं थांबलं होतं… हेही खरं. म्हणून हसलो."

तिने चटकन चष्मा काढून पुसायला घेतला, त्यावर काही नसताना.

नळकांडं तो घेऊन गेला, पण एका अटीवर. हे घरात आणि दवाखान्यात. मैदानावर कुणासमोर नाही. ज्या दांडगटांना तो एका बोटाने बाहेर काढतो, त्यांनी त्याला बदक लावून बसलेलं पाहिलं तर मग संपलंच. तिने वाद घातला, पुन्हा घातला, तोंडाची वाफ दवडली. तो हटला नाही.

पण औषध आता छातीत पोचत होतं. गुरुवार पुन्हा सुरू झाले, आकडा चढत गेला, आणि हंगामाच्या तोंडावर डॉक्टरांनी दाखल्यावर सही केली. सामन्याचं निमंत्रण देताना त्याने तिला नुसतं "आलात तर बरं वाटेल" म्हटलं. नळकांडं आणि जोराच्या धापेचा पंप दोन्ही बरोबर ठेवा, असं तिने हजारदा बजावलं होतं. तो ठेवणार नाही हे तिला माहीत होतं. म्हणून तिने आपल्या पिशवीत धापेचा पंप आणि दुसरं नळकांडं टाकलं. त्यातही मेलं बदकच मिळालं.

पहिला अर्धा सामना झकास गेला. तो हरणासारखा पळत होता, आणि ती कठड्यापाशी उभी राहून खेळाडू सोडून रेफरीला बघणारी एकटीच बाई होती. दुसऱ्या अर्ध्यात वारा सुटला. कोरडा, धुळीचा. मैदानाच्या एका अंगाचं गवत उडालेलं होतं, तिथून लाल लोट उठू लागले.

आधी तिला ऐकू आलं. दिवसभर माणसांचे श्वास ऐकणारे कान तिचे. शिट्टी वाजली, पण आखूड वाजली. पुढची त्याहून बारीक. मग दिसायलाही लागलं. तो चेंडूच्या मागे पडत होता. खांदे वर-खाली होत होते. लोक ओरडायला लागले, रेफरी झोपला म्हणून. तिने पिशवी छातीशी घट्ट धरली. त्याने एकदा कठड्याकडे पाहिलं. तिने पिशवी वर केली. त्याने नजर फिरवली आणि पुन्हा पळायला लागला.

मूर्ख, ती मनात म्हणाली. मूर्ख, हट्टी, अडाणी माणूस. इथे कोसळला तर आज शिट्टी जाईल, आणि कदाचित शिट्टीवरच थांबणार नाही. रागाने डोळ्यांत पाणी आलं होतं, की रागाने आलेलं नव्हतंच ते. कठडा ओलांडून आत शिरावं असंही तिच्या मनात आलं. पण आत जाऊन त्याच्या तोंडावर मास्क दाबला, तर तो पुन्हा कधी मान वर करून या मैदानावर उभा राहणार नाही. यायचं तर त्यानेच यायला हवं होतं.

तो मधोमध थांबला. हात गुडघ्यांवर. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्याने शिट्टी ओठांना लावली आणि उरलासुरला सगळा श्वास त्यात घालून सामना थांबवला. दोन्ही हातांनी खूण केली: जागेवर थांबा. आणि तो चालत कठड्याकडे निघाला. पळत नाही, चालत. अख्खं मैदान बघत होतं.

"आणलंय?" त्याने कसंबसं विचारलं.

"नाही, हवा खायला आलेय," ती म्हणाली, आणि तिचे हात तोवर पंप हलवून नळकांड्याला बसवतही होते. "बसा. बोलू नका. बरं वाटलं नाही तर शिट्टी दुसऱ्याच्या हातात द्यायची, आधीच सांगून ठेवते."

तिने मास्क त्याच्या नाका-तोंडावर घट्ट धरला आणि पंप दाबला. कुणीतरी बदक बदक म्हणून ओरडलं. दोघा-तिघांनी हसून घेतलं. त्याचे कान लाल झाले. त्याने मास्क काढायला हात वर केला, तो तिने फटकन खाली केला.

"बघू नका तिकडे. माझ्याकडे बघा. श्वास घ्या, नुसता. अस्सा."

टक. टक. झडप हलत होती. त्याचे डोळे तिच्याकडे लागले होते, आणि त्याला बोलता येत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हा माणूस तिच्यासमोर गप्प होता. तिला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही.

"वैताग आणलाय तुम्ही मला," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. चष्मा खराब केलात, चहा खराब केलात, नवा कुडता घालवलात. तो कुडता मी तुमच्यासाठी घातला होता, कळलं का? कळणार कसं, तुम्हाला साधं आत ओढायचं कळत नाही. बुधवारी रात्री मला झोप लागत नाही. दार वाजलं की मान वळते, दुखायला लागलीये मान. आणि आज तुम्ही तिथे उभे होतात आणि मला… मला वाटलं, संपलं सगळं. असं पुन्हा करायचं नाही. मला तुम्ही हवे आहात. चांगले, धडधाकट, श्वास घेणारे हवे आहात. प्रेम आहे माझं तुमच्यावर, आणि मला त्याचा भयंकर राग येतो."

टक टक बंद झाली.

तिने नळकांड्यात पाहिलं. झडप हलत नव्हती. तो डोळे विस्फारून तिच्याकडे बघत बसला होता आणि श्वास घ्यायचाच विसरला होता.

"अहो, श्वास घ्या आधी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "देवा, हेही मीच सांगू?"

टक. मग पुन्हा टक. हळूहळू झडप रांगेला लागली. खांदे उतरले. ओठांवर पुन्हा रंग आला. तिने मास्क बाजूला केला आणि त्याच्या छातीला कान लावावा इतकी जवळ वाकून श्वास ऐकला. आता शिट्टी नव्हती त्यात. खेळाडू कठड्याजवळ सरकले होते. मघाचं हसणं कधीच थांबलं होतं, आणि तिचा आवाज मुळातच मोठा, त्यामुळे पुढच्या दोन रांगांना सगळं ऐकू गेलं होतं.

"पुन्हा सांग ना," तो म्हणाला. आवाज खोल गेलेला, पण हसरा. "शेवटचं. राग येतो, त्याच्या आधीचं."

"आता नाही."

"का?"

"नियम आहे. दोन फवाऱ्यांच्या मध्ये थांबायचं असतं. दुसरा अजून बाकी आहे," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. "तो घेताना सांगते."

तो थांबला. तिने पंप पुन्हा हलवला, नळकांड्याला लावला. ती मास्क उचलणार, एवढ्यात त्यानेच तो तिच्या हातातून घेतला आणि सगळ्या मैदानासमोर, मान ताठ ठेवून, आपल्या हाताने तोंडावर धरला.